चित्रपुस्तकातले पिल्लू नेहमी हरवलेलेच का असते?

करवीरवाचक | रविवार, दुपारी १.१०

मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी लहान मुलांसाठी वाचनाचा तास चालतो. खाली हौद्यातल्या लाल मातीत पोरांचा सराव चालू असतो आणि वर चार ते आठ वर्षांची मुले सतरंजीवर बसून चित्रपुस्तके पाहत असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी ‘रानातली पिल्ले’ हा विषय ठरवला आणि मिळाली तेवढी पुस्तके एकत्र मांडली, तेव्हा जे दिसले त्याविषयी येथील जाणकारांशी बोलावेसे वाटले.

पुस्तके मराठीच आहेत, काही मूळची आणि बरीचशी अनुवादित. प्राणी निरनिराळे आहेत: हत्ती, हरीण, अस्वल, पेंग्विन, कासव. गोष्ट मात्र जवळजवळ एकच आहे. पिल्लू खेळता खेळता दूर जाते, आई दिसेनाशी होते, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाकडे ते चौकशी करते आणि शेवटच्या पानावर आई भेटते. शेवट गोड आहे याविषयी माझी तक्रार नाही. माझी अडचण अशी आहे की, रानात पिल्लू जगते कसे हे यातून मुलाला कळतच नाही. ते काय खाते, कोणापासून लपते, पावसात कुठे थांबते, आईकडून काय शिकते आणि काय उपजतच घेऊन येते, यातले काहीही त्या पानांत नाही. याउलट जी माहितीपर पुस्तके आहेत त्यांत वजन, लांबी आणि आयुर्मान दिलेले असते. मुले छायाचित्र पाहतात आणि पान उलटून मोकळी होतात.

या दोहोंच्या मधले पुस्तक कसे असावे, शिकार आणि मृत्यू त्यात यावेत का, आणि येणार असतील तर कोणत्या वयाच्या मुलांसाठी, यावर आपली मते हवी आहेत. आपल्या भागातले प्राणी असतील तर फारच उत्तम.

दाजीपूरची_वाट | रविवार, सायंकाळी ६.४५

आपण सांगितलेल्या साच्याचा एक प्रत्यक्ष तोटा आम्हा रानात फिरणाऱ्यांना दिसतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

भेकराची मादी पाडसाला झुडपात किंवा गवतात लपवून स्वतः चरायला दूर जाते. बहुतेक हरणांमध्ये पहिले काही दिवस हीच रीत असते. पाडस हालचाल न करता पडून राहते, अंगावरच्या फिक्या ठिपक्यांमुळे ते पाचोळ्यात मिसळून जाते, आणि आई त्याला चाटून स्वच्छ ठेवत असल्यामुळे त्याचा वासही फारसा सुटत नाही. आई दिवसातून ठरावीक वेळा येऊन दूध पाजते व पुन्हा निघून जाते. ती सतत जवळ थांबली असती, तर तिच्या वासावरून आणि हालचालीवरून शिकाऱ्याला पाडसाचा पत्ता लागला असता. म्हणजे आईचे दूर असणे हीच पाडसाची राखण आहे.

आता लहानपणापासून ‘एकटे पिल्लू म्हणजे हरवलेले पिल्लू’ एवढेच पाहिलेला माणूस रानाच्या कडेला असे पाडस पाहतो, त्याला दया येते आणि तो ते उचलून घरी आणतो. आई परत येते तेव्हा जागा रिकामी असते. बाटलीने पाजलेल्या अशा पाडसांपैकी बरीच जगत नाहीत, आणि जी जगतात त्यांना रानात परत सोडणे अवघड होऊन बसते. चित्रपुस्तकावर एवढे मोठे खापर फोडणे कदाचित अन्यायाचे होईल. परंतु ‘एकटे आहे, पण हरवलेले नाही’ ही एक गोष्ट जरी एखाद्या पुस्तकाने मुलांच्या मनात रुजवली, तरी तिचा उपयोग पुढे पन्नास वर्षे होईल.

आपल्या भागातल्या प्राण्यांविषयी विचारलेत, तर पहिला मान गव्याचा. राधानगरी अभयारण्य हे राज्यातले पहिले अभयारण्य १९५८ मध्ये दाजीपूरच्या गव्यांसाठीच स्थापन झाले, आणि तरीही कोल्हापूरच्या मुलांना पेंग्विनच्या पिल्लाविषयी जेवढे सांगता येते तेवढे गव्याच्या वासराविषयी सांगता येत नाही. टिटवीही अवश्य घ्यावी. तिची अंडी उघड्या माळावर, खड्यांमध्ये असतात, आणि अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू थोड्याच वेळात चालू लागते. आईबापांचा इशाऱ्याचा आवाज आला की ते जागच्या जागी बसते आणि चार पावलांवरूनही ओळखू येत नाही.

रंगपेटी | रविवार, रात्री १०.२०

मी कोल्हापुरातच चित्रकला शिकलो आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढतो, म्हणून चित्राच्या बाजूने लिहितो.

लपलेले पाडस हा विषय चित्रपुस्तकासाठीच घडलेला आहे, कारण येथे मजकुराने गप्प बसावे आणि चित्राने काम करावे अशी सोय आहे. दोन समोरासमोरची पाने भरून नुसता पाचोळा, गवताची पाती आणि उन्हाचे कवडसे रंगवावेत, आणि त्यात पाडस असे ठेवावे की मोठ्याने मजकूर वाचून संपवण्याआधी मुलाचे बोट त्यावर पडेल. पुढच्या पानावर त्याच जागेजवळून बिबट्या जातो आणि त्याला ते दिसत नाही. मुलाला दिसले आणि बिबट्याला दिसले नाही, यात त्या मुलाला मिळणारा आनंद आणि त्याची धडधड दोन्ही आहेत, आणि यातच त्याला रंगाचा उपयोग समजतो. ‘हरणाच्या अंगावरील ठिपक्यांमुळे त्याचे संरक्षण होते’ हे वाक्य वेगळे छापावे लागत नाही.

तक्रार करायची तर ती डोळ्यांविषयी करेन. पिल्लू गोंडस दिसावे म्हणून त्याचे डोळे समोरून काढायचे आणि बशीएवढे मोठे करायचे, अशी प्रथाच पडली आहे. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, कारण त्याला मागून येणाऱ्यावरही नजर ठेवायची असते; बिबट्याचे डोळे समोर असतात, कारण त्याला झेपेचे अंतर मोजायचे असते. हे दोन्ही डोळे एकसारखे काढले की अर्धी गोष्ट पुसली गेली. रंगाचेही तसेच आहे. गव्याचे नवजात वासरू सोनेरी-पिवळसर असते, मग तांबूस तपकिरी होत जाते, आणि थोराड नराचा काळेपणा फार उशिरा येतो. पुस्तकात मात्र मोठ्या गव्याची छोटी प्रत काढून ठेवलेली असते. रानडुकराच्या पिल्लांच्या अंगावर लांब पट्टे असतात आणि ते काही महिन्यांत नाहीसे होतात, हे पाहिलेले मूल मला अजून भेटलेले नाही. वास्तविक रंगवायला त्याहून मजेदार काय असणार?

जुना_फळा | सोमवार, सकाळी ८.०५

मी भुदरगड तालुक्यातील वाड्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झालो. मृत्यू दाखवावा का, हा प्रश्न शहरातल्या पालकांना पडतो तसा वाडीवरच्या मुलांना पडत नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत घारीने कोंबडीचे पिल्लू उचललेले असते, शेळीचे करडू थंडीत गारठून गेलेले असते, आणि गोठ्यातले वासरू गेल्यावर गाय दोन दिवस हंबरत होती हेही त्यांनी ऐकलेले असते.

अशा वर्गात मी एकदा हरवलेल्या पिल्लाची गोड गोष्ट वाचली तेव्हा मुलांनी ती आनंदाने ऐकली, आणि संपल्यावर मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, “गुरुजी, एवढा येळ ते वरडत फिरलं, आन् कुणीच खाल्लं न्हाई व्हय त्येला?” वर्ग हसला. त्या पोराला रक्त पाहायचे नव्हते. रानात ओरडत फिरणारे पिल्लू फार वेळ टिकत नाही हे त्याला ठाऊक होते आणि पुस्तकाला ठाऊक नव्हते, एवढाच त्याच्या बोलण्याचा अर्थ.

वयाविषयी माझे मत असे आहे की, मेलेले परत येत नाही हे बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात नीट समजू लागते. त्याआधीच्या मुलांना मृत्यू सांगितला तरी ‘मग उठलं कधी?’ असा प्रश्न येतो आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. त्यामुळे चार वर्षांच्या मुलांसाठी लपणे, खाणे, चालायला शिकणे पुरेसे आहे. सातव्या वर्षापुढे मात्र लपवाछपवी करू नये. आणि पिल्लू गेले हे सांगितले, तर नंतर आईने काय केले हेही सांगावे, कारण मुले तेच विचारतात. घारीने पिल्लू नेल्यावर कोंबडी उरलेल्यांना पंखाखाली घेते, ही गोष्टीतली निम्मी बाजू आहे.

कृष्णाकाठची_आई | सोमवार, दुपारी ३.३०

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझी मुलगी चार वर्षांची आहे, आणि तिच्या बाजूने थोडा विरोध नोंदवावासा वाटतो. ‘मुलांना खरे सांगा’ हे म्हणणे सोपे आहे, परंतु रात्री झोपेतून दचकून उठणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन बसणारे निराळे असतात. आमच्याकडे एक पुस्तक आहे, ज्यात कोणीही मरत नाही, तरी लांडग्याचा उघडा जबडा पूर्ण पानभर काढलेला आहे. ते पुस्तक तिने स्वतः कपाटाच्या मागे टाकून दिले. भीती गोष्टीत नव्हती, ती चित्राच्या आकारात होती. म्हणून लेखकांना जेवढे सांगायचे तेवढेच चित्रकारांनाही सांगावे असे वाटते.

याच्या उलट अनुभवही सांगते. आम्ही शिरोळ तालुक्यात राहतो, नृसिंहवाडीचा संगम जवळ आहे आणि कृष्णेत मगरी असल्यामुळे मगर हा आमच्या घरातला नेहमीचा विषय असतो. मगरीची मादी काठावरच्या मातीत अंडी घालते, घरट्याजवळ राखण करते, आणि आतून पिल्लांचा आवाज येऊ लागला की माती उकरून त्यांना बाहेर काढते व तोंडात धरून पाण्यात नेऊन सोडते. मी हे कागदावर रेघोट्या मारून मुलीला सांगत होते. पिल्लू दातांच्या मध्ये आहे, या चित्रावर ती “खाल्लं!” असे ओरडली, आणि पुढच्या कागदावर तेच पिल्लू पाण्यात पोहताना पाहून तिने सगळे पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लावले. जबडा याही गोष्टीत होताच. मग मुलांना काय चालते आणि काय चालत नाही, याचा नियम मला तरी सांगता येणार नाही.

रंगपेटी | सोमवार, दुपारी ४.१५

ताई, आपण रेघोट्या म्हणता, पण पान उलटण्याची ताकद आपण नेमकी वापरलीत. “खाल्लं!” आणि पोहणारे पिल्लू यांच्यामध्ये एक पान आहे, आणि ते उलटणारा हात मुलाचा आहे. भीती किती वेळ टिकवायची हे त्याच्या हातात राहते. पानभर जबड्याच्या चित्रात ही सुटका नव्हती, असा माझा अंदाज आहे.

दाजीपूरची_वाट | सोमवार, रात्री ९.००

शिकारीच्या मुद्द्यावर एक बाजू राहून गेली आहे. शिकाऱ्यालाही पिल्ले असतात. सह्याद्रीतले कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, कळपाने राहतात. पिल्ले बिळात असताना कळपातले इतर मोठे कुत्रेही शिकारीवरून परत येऊन पोटातले मांस उलटून त्यांना भरवतात, आणि पिल्ले बरोबर फिरू लागली की शिकारीवर पहिला घास त्यांना मिळतो. हरणाच्या पाडसाची गोष्ट वाचून झाल्यावर त्याच मुलांना कोळसुंद्याच्या पिल्लांची गोष्ट वाचून दाखवली, तर त्यांना पहिल्या गोष्टीतला खलनायक सापडेनासा होईल. माझ्या मते रानाविषयीचे सर्वांत कठीण सत्य मृत्यू हे नसून, दोन्हीकडची पिल्ले भुकेली असतात हे आहे, आणि एका पुस्तकात ते मावत नसेल तर दोन पुस्तके जोडीने ठेवावीत.

नव्या_राजवाड्यासमोर | मंगळवार, सकाळी ११.२५

शिकण्याचा विषय निघाला आहे, म्हणून आपल्याच शहराच्या इतिहासातले एक उदाहरण देतो. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकरवी काळवीट धरण्याची शिकार प्रसिद्ध होती, आणि चित्ते पाळून त्यांना तयार करणारे चित्तेवान येथे होते. भारतातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर संस्थानाने आफ्रिकेतून चित्ते आणवले, हीही नोंद आहे. नव्या राजवाड्यातील संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेले प्राणी आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असतील.

या शिकारीसाठी चित्ता पकडताना बछडे न पकडता रानात वाढलेला प्रौढ चित्ता पकडण्याची जुनी रीत होती, कारण आईपासून लहानपणी तोडलेल्या बछड्याला शिकार करणे येत नसे आणि माणूस ते त्याला शिकवू शकत नसे. धावण्याचा वेग जन्माने मिळतो. कोणावर, किती अंतरावरून आणि केव्हा धावायचे हे आई शिकवते. आफ्रिकेत चित्त्यांच्या निरीक्षणात असे दिसले आहे की, आई लहान भक्ष्य जिवंत आणून बछड्यांपुढे सोडते आणि ते निसटून जाऊ लागले की स्वतः पुन्हा पकडते. बछडे कितीतरी वेळा फसतात. फसणारे पिल्लू हा चित्रपुस्तकाचा किती चांगला नायक आहे, याकडे लेखकांचे लक्ष का जात नाही, कोण जाणे.

गगनबावडा_उतरून | मंगळवार, दुपारी १२.५०

फसण्यापेक्षाही मोठा प्रश्न संख्येचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू झाले, आणि कोल्हापूरहून अनेक कुटुंबे मुलांना घेऊन कोकणात पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला जातात. एका घरट्यात साधारण शंभराच्या आसपास अंडी असतात, सुमारे पन्नास दिवसांत पिल्ले वाळूतून वर येतात आणि आई तेथे कधीच नसते. ती अंडी पुरून समुद्रात निघून गेलेली असते. हजारात एखादेच पिल्लू प्रौढ होते असे म्हटले जाते.

याचे चित्रपुस्तक मला असे सुचते: पहिल्या दोन पानांवर शंभर पिल्ले, प्रत्येक वेगळे ओळखू येईल असे. पुढे खेकडे, मग कावळे, मग लाटा, मग मोठे मासे, आणि प्रत्येक पानावर पिल्ले कमी कमी. मजकुरात मृत्यूचा उल्लेखही नको. मोजायचे की नाही, हे मुलावर सोपवावे.

कृष्णाकाठची_आई | मंगळवार, दुपारी २.१०

क्षमा असावी, पण हे मला क्रूर वाटते. शंभर पिल्लांना शंभर चेहरे द्यायचे आणि मग एकेक पुसत जायचे, हे मोठ्यांना कलात्मक वाटेल. मुले मोजणारच, कारण त्या वयात त्यांना मोजण्याचे वेड असते, आणि आपले आवडते पिल्लू कोणत्या पानापासून नाही हे त्यांना नक्की कळेल.

जुना_फळा | मंगळवार, सायंकाळी ५.४०

दोघांचेही म्हणणे समजले. मी वर्गात हा विषय घेताना आईच्या बाजूने सुरुवात केली असती. हत्तीण बावीस महिने पोटात वाढवून एकच पिल्लू देते आणि सगळा कळप त्याला मध्ये घेऊन चालतो. कासवीण शंभर अंडी पुरून निघून जाते. दोघींचाही वंश टिकून आहे. एकीने राखणीवर भर दिला, दुसरीने संख्येवर. ही तुलना समजलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कमी होत जाणारी पिल्ले दाखवली, तर त्याला वाईट वाटेल, परंतु ते निरर्थक वाटणार नाही. चार वर्षांच्या मुलासमोर ते पुस्तक ठेवूच नये. चेहऱ्यांविषयी ताईंशी मी सहमत आहे. दुरून दिसणारे ठिपके पुरेसे आहेत.

ऊसकरी | मंगळवार, रात्री ८.३५

मी हातकणंगले तालुक्यातील शेतकरी आहे. पुस्तकांतले मला फार कळत नाही, परंतु पिल्लांचा एक प्रसंग आमच्या उसातच घडतो आणि त्यावर कोणी चित्रपुस्तक केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने उभा असतो. एवढे दिवस आत माणूस फारसा फिरत नाही, सावली असते, पाणी असते, डुकरे आणि कुत्री खायला मिळतात, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात बिबट्याची मादी उसातच पिल्ले घालते. तिला ते रानच वाटते. मग तोड सुरू होते, टोळी फडात उतरते आणि पाचटात, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांत, दोन-तीन पिल्ले सापडतात. पूर्वी पिल्ले उचलून नेली जात, आणि आई रात्रभर त्यांना शोधत वस्तीभोवती फिरत असे. आता शहाणी पद्धत रूढ झाली आहे. तोड थांबवायची, वन विभागाला कळवायचे, आणि त्यांची माणसे पिल्लांना तपासून संध्याकाळी त्याच जागी कॅरेटमध्ये ठेवतात. जवळ कॅमेरा लावतात आणि सगळे लांब जातात. बहुतेक वेळा आई रात्री येते, कॅरेट पाडते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते.

सापडलेले प्रत्येक पिल्लू बिबट्याचे नसते, हेही सांगायला हवे. आमच्याकडे वाघाटी असते, ती रानमांजरांतली सर्वांत लहान जात. तिची पिल्ले पाहून ‘बिबट्या, बिबट्या’ अशी आरोळी उठते. वाघाटीच्या कपाळावर आणि मानेवर रेघा असतात, अंगावर तांबूस ठिपके असतात, आणि बिबट्यासारखी पोकळ फुलांची नक्षी तिच्यावर नसते. रंगपेटी यांना दोन्ही काढायला आवडतील असे वाटते.

करवीरवाचक | मंगळवार, रात्री ९.५०

ऊसकरी, आपण लिहिलेल्या प्रसंगात या धाग्यावर आलेले जवळजवळ सगळे मुद्दे एकत्र येतात. पिल्ले एकटी आहेत, पण हरवलेली नाहीत. आई दूर आहे, पण परत येणार आहे. माणसाने करायचे सर्वांत मोठे काम म्हणजे बाजूला होणे. शिवाय ऊसतोड टोळीतल्या मुलांचा विचार करावासा वाटतो, कारण फडाच्या कडेला कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहणाऱ्या त्या मुलांनाच पिल्ले आधी दिसत असणार, आणि त्यांच्यावर बेतलेले चित्रपुस्तक माझ्या संग्रहात तरी एकही नाही.

येत्या सुट्टीत मुलांकडूनच हे पुस्तक घडवून घ्यावे असे मनात आले आहे. कोणाकडे याविषयी व्यावहारिक सूचना असल्यास कृपया सांगाव्यात.

कपाट_क्रमांक_सात | बुधवार, सकाळी १०.३०

मी ग्रंथालयात काम करते, म्हणून आधी पुस्तके मिळवण्याविषयी. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत प्राण्यांवरची मराठी पुस्तके आहेत आणि किमतीही परवडणाऱ्या असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतल्या चित्रकथा खुल्या परवान्याखाली आहेत. मूळ लेखक व चित्रकार यांची नावे देऊन त्या उतरवून घेता येतात, छापता येतात आणि त्यांचे भाषांतरही करता येते. तेथे वाचनाच्या चार पातळ्या केलेल्या आहेत, त्यामुळे चार आणि आठ वर्षांच्या मुलांसाठी वेगवेगळी निवड करणे सोपे जाते. आपल्या शहरात १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर आहे. तेथे जुनी बालवाङ्मयाची पुस्तके पाहायला मिळाली तर अवश्य पाहावीत.

पुस्तक तयार करताना पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी, कारण मधोमध पिना मारायच्या असतात. सोळा पाने पुरेशी होतात. मुखपृष्ठ वेगळे धरावे. मजकूर एका पानावर दोन वाक्यांपेक्षा जास्त नसावा, आणि तो चित्रावर छापायचा असेल तर खालचा रंग फिका ठेवावा, नाहीतर पाचटाच्या रेघांत अक्षरे दिसणार नाहीत. शेवटच्या पानावर एक गोष्ट मात्र स्पष्ट छापावी: असे पिल्लू दिसल्यास हात लावू नये, मोठ्यांना सांगावे, आणि मोठ्यांनी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्यप्राणी घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे पालकांसाठी खाली लहान अक्षरात असू द्यावे.

दाजीपूरची_वाट | बुधवार, दुपारी १.००

वरील सूचनेला एक पुरवणी. घरट्यातून पडलेल्या पक्ष्याच्या पिल्लाविषयी मुले हमखास विचारतील. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, हा समज खरा नाही. पिसे न आलेले पिल्लू खाली पडले असेल आणि घरटे हाताशी असेल, तर ते परत ठेवता येते. पिसे फुटलेले, उड्या मारणारे पिल्लू बहुधा उडायला शिकत असते व आईबाप जवळच असतात. त्याला मांजरापासून वाचेल अशा फांदीवर ठेवून आपण निघून जावे. बिबट्याच्या पिल्लाला हात लावायचा नाही आणि बुलबुलाचे पिल्लू उचलून ठेवायचे, हा फरक मुलांना गोंधळात टाकतो, म्हणून तो आधीच समजावून सांगावा.

रंगपेटी | बुधवार, सायंकाळी ७.२०

मी रविवारी तालमीत येतो आणि मुलांबरोबर कच्ची चित्रे करून पाहतो. ऊसकरी यांना काही प्रश्न आहेत. तोड चालू असताना पाचटाचा रंग नेमका कसा असतो? कॅरेट कोणत्या रंगाचे वापरतात? आई आल्यावर कॅमेऱ्यात काय दिसते? कृष्णाकाठच्या ताईंनी आकाराविषयी लिहिलेले लक्षात ठेवून बिबट्याची आई मी पानाच्या एका कोपऱ्यात, लहान आणि पाठमोरी काढणार आहे.

ऊसकरी | बुधवार, रात्री ९.१५

पाचट वाळलेले असते तेव्हा फिके पिवळे दिसते, पण उसाच्या बुडाशी असलेले जुने पाचट राखाडी आणि ओलसर असते, आणि पिल्ले त्याच्यावरच असतात. वरचे वाढे, म्हणजे शेंड्याची पाने, हिरवेच काढा, नाहीतर ऊस वाळल्यासारखा वाटेल. कॅरेट भाजीपाल्याचे असते, जे हाताशी असेल ते. रात्रीच्या कॅमेऱ्यात सगळे काळे-पांढरे दिसते आणि तिचे डोळे चमकतात. आई पिल्लाला मानेच्या मागच्या कातडीला धरून उचलते, तेव्हा पिल्लू पाय आखडून लोंबकळत राहते. पहिल्या खेपेला ती एकच नेते, म्हणून दुसरे पिल्लू कॅरेटजवळ शिल्लक राहिलेले एक पान ठेवा आणि ती परत आल्याचे पुढचे पान ठेवा.

रविवारी येताना मी वाढ्यासकट चार ऊस आणि पाचटाचा भारा घेऊन येतो. तालमीच्या जिन्यावरून वर न्यायला दोन पोरे तयार ठेवा.